तुम्ही विचारलंत म्हणून : गुलाबी कागद

"एवढी मोठी डिव्हिजन सांभाळलीत, मग आता कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला कशाला जाता?" हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षे लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेत आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयारच असते. कोणाला वाटते, पेन्शन पुरत नसावे. कोणाला वाटते, मी राष्ट्रसेवेचे व्रत पुढे चालवतो आहे, आणि हे दुसरे लोक ज्या आदराने पाहतात त्याने मला पहिल्यांपेक्षा जास्त अवघडायला होते. आजवर 'वेळ जातो' एवढे सांगून मी सुटका करून घेत आलो. परवा धाकट्या मेहुणीलाही तेच सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "दाजी, वेळ तर पत्ते खेळूनही जातो." म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

पेन्शन पुरते. साताऱ्याची सैनिक शाळा, खडकवासला, पलटण, ब्रिगेड, डिव्हिजन हा क्रम विचारणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ असतो, त्यामुळे तो उगाळत नाही. २०१४ साली निवृत्त झालो आणि दोन महिन्यांत कळले की माझ्या शब्दाला जे वजन होते, त्यातले बरेचसे खांद्यावरच्या पितळेचे होते. मी बोलायला लागलो की पूर्वी लोक गप्प होत. आता घड्याळ पाहू लागले. कोणीतरी आपले ऐकावे ही भूक शिकवायला जाण्यामागे नव्हती असे म्हटले तर ते खोटे होईल. पण तेवढीच भूक असती तर टीव्ही होता. तिथे मी तीनदा गेलो. नावाखाली 'सामरिक तज्ज्ञ' अशी पट्टी, आणि समोरून 'उद्या युद्ध होईल का, तीस सेकंदांत सांगा' असा प्रश्न. तिसऱ्या वेळी मी 'माहीत नाही' म्हणालो. चौथे बोलावणे आले नाही. ती पट्टीही मला कधी पेलली नाही. ज्याने आयुष्यभर वरून आलेल्या योजना अमलात आणल्या त्याला रणनीतिकार म्हणणे म्हणजे स्वयंपाकाची तारीफ वाढप्याकडे करणे.

खरे कारण १९९५ सालच्या एका सकाळचे आहे. तेव्हा मी लेफ्टनंट कर्नल होतो आणि लष्कराच्या एका प्रशिक्षण संस्थेत डीएस, म्हणजे डायरेक्टिंग स्टाफ, म्हणून शिकवत होतो. अशा ठिकाणी प्रत्येक सरावाचे एक मान्य उत्तर असते आणि ते गुलाबी कागदावर मिळते, म्हणून सगळे त्याला 'पिंक' म्हणतात. चर्चा संपली की पिंक वाटायचा. तो आधीच हाती लागावा म्हणून शिकायला आलेले अधिकारी मागच्या तुकडीकडे ज्या खटपटी करतात त्यांनाही 'पीसीके', प्रीव्हियस कोर्स नॉलेज, असे भारदस्त नाव आहे. मीही माझ्या वेळी ते ज्ञान भक्तिभावाने मिळवले होते.

सभागृहाच्या मधोमध सँड मॉडेल मांडले होते. हिरवा रंगवलेला भुसा म्हणजे जंगल, निळी रिबीन म्हणजे नदी, चुन्याची भुकटी म्हणजे बर्फ. सराव उंच डोंगरातल्या संरक्षणाचा होता, आणि पिंकप्रमाणे पुढचा कडा धरायचा होता, कारण तिथून सगळे खोरे दिसते. एका मेजरची पाळी आली. त्याने छडी उचलली आणि तिचे टोक पुढच्या कड्यावर न ठेवता बऱ्याच मागच्या धारेवर टेकवले. मग खिशातून घडी घातलेला कागद काढून तो खेचरांचा हिशेब वाचू लागला. बर्फाने वाट बंद होण्याआधी किती फेऱ्या होतील, एक खेचर किती ओझे नेईल, त्यातला किती दाणा त्याला स्वतःलाच लागेल, रॉकेल किती, आणि एक आजारी जवान खाली आणायचा तर त्याला उचलणारे चार जण संख्येतून कसे वजा होतात. पुढच्या कड्यावरची कंपनी हिवाळाभर तग धरील, पण वसंतात लढण्याजोगी उरणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. शत्रूने हे ओझे वाहत आपल्याकडे यावे, आपण त्याच्याकडे जाऊ नये.

मी त्याला मध्येच थांबवले आणि म्हणालो, "मेजर, माघारीची एवढी घाई कशाची?" साठएक अधिकारी हसले. हसू ओसरेपर्यंत तो तसाच उभा होता, छडीचे टोक भुशात रुतलेले. मग "राइट, सर" म्हणून त्याने कागद आधीच्याच घड्यांवरून नीट दुमडला, खिशात ठेवला आणि जागेवर बसला. कोर्स संपताना मी त्याच्या अहवालात, त्याची आक्रमक वृत्ती कमी पडते, अशा अर्थाचे एक वाक्य लिहिले. ते लिहायला मला अर्धे मिनिटही लागले नसेल.

यात दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. पहिली अशी की त्याचा हिशेब मला उभ्या उभ्या पटला होता. दुसरी अशी की मागच्या रांगेत आमचे वरिष्ठ बसले होते आणि पिंक माझ्या हातात होता.

माझ्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्या वेळचा मी ते अजूनही तावातावाने बोलतो. पिंक म्हणजे मूर्खपणा नव्हे. कधीही न भेटलेले दोन अधिकारी शेकडो मैलांवरून एकाच संदेशाचा एकच अर्थ लावतात, ती सवय अशाच कंटाळवाण्या कागदांनी लागते. प्रत्येक मेजर आपापली धार निवडू लागला तर तोफखान्याने कोणाचे ऐकायचे? शिवाय त्याच्या उत्तरात खोट होती. मागच्या धारेवरून खोऱ्याचे तोंड दिसत नाही. मग तिथे पडणारा तोफांचा मारा पाहून दुरुस्त कोण करणार? यावर त्याच्या कागदात काही नव्हते. हे सगळे खरे आहे, पण मी त्याला यातले काहीच विचारले नव्हते. मी त्याच्या धैर्याबद्दल विचारले होते.

नऊ वर्षांनी मी ब्रिगेड कमांडर असताना आमच्या एका चौकीवर जवानाच्या फुप्फुसांत पाणी झाले. हवामानामुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हते. त्याला चौघांनी दोन दिवसांत खाली आणले. तो वाचला; आणणाऱ्यांपैकी एकाची तीन बोटे हिमदंशाने गेली. चौकी मी हलवली नाही. हलवू दिली नसती असे मी बायकोला सांगत असे, पण खरे म्हणजे मी वर तसे विचारलेच नव्हते. पुढे मला डिव्हिजन मिळाली.

आता कॉलेजात मी सर्वांत जास्त तास घेतो ते लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरातांवर. कोल्हापूरकडच्या या माणसाने जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या आराकानात कांगावच्या लढाईत पलटणीचे नेतृत्व केले, युद्धबंद्यांचा गुंता सोडवायला कोरियात गेलेल्या भारतीय दलाची कमान सांभाळली, आणि १९५७ पासून लखनौला पूर्व विभागाचा प्रमुख असताना नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, सीमेचा हिशेब मांडला. तो हिशेबही शेवटी वाटांचा आणि ओझ्यांचाच होता. मॅकमोहन रेषेवर, म्हणजे तिथल्या चीनकडच्या सीमारेषेवर, ठाण मांडून लढता येणार नाही, कारण तिथवर रस्ते नाहीत. सीमेवर पाळतीच्या आणि शत्रूला खोळंबवणाऱ्या चौक्या ठेवाव्यात, आणि मुख्य बचाव मागे, बोमडिलाच्या अंगाने, जिथे आपली रसद पोचते आणि त्याची ताणली जाते तिथे करावा. ऑक्टोबर १९५९ मध्ये हे कागदावर गेले. सरसेनापती थिमय्यांना पटले, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी उडवून लावले. १७ मार्च १९६० रोजी थोरातांनी लखनौला 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन तेच पुन्हा दाखवले. मे १९६१ मध्ये ते निवृत्त झाले, आणि पुढच्या वर्षी चीनशी झालेल्या युद्धात नामका चू नदीवर, अगदी रेषेवर, आपल्या एका ब्रिगेडचा चुराडा झाला.

हे सर्व मला १९९५ साली ठाऊक होते, हेच मला सलते. त्याच संस्थेत, त्याच वर्षी, मी थोरातांवर व्याख्यान दिले होते आणि त्यांचे न ऐकणाऱ्यांना शेलक्या शब्दांत झोडपले होते. टाळ्या मिळाल्या होत्या. प्रश्न मोकळा ठेवायची रीत सैन्यात नव्हती असेही म्हणता येत नाही. महार रेजिमेंटमधून आलेले आणि पुढे सरसेनापती झालेले सुंदरजी महूच्या कॉलेज ऑफ कॉम्बॅटचे प्रमुख असताना त्यांनी अण्वस्त्रांच्या सावलीतल्या लढाईबद्दलचे प्रश्न टपालाने पाठवून मते मागवली होती, आणि १९८१ मध्ये ती छापली होती. म्हणजे उदाहरण समोर होते. मी पिंक धरून उभा राहिलो.

तर शिकवणे हे माझे प्रायश्चित्त आहे, असे म्हणायला मला आवडले असते. चार वर्षांपूर्वी तसे म्हणण्याची संधीही मिळाली. एका लग्नात तो मेजर भेटला. लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालेला, आता उसाची शेती पाहणारा. त्याची पुढची बढती माझ्या वाक्यामुळे अडली की आणखी कशामुळे, हे प्रमोशन बोर्डालाच ठाऊक. मी त्याला बाजूला घेऊन ती सकाळ सांगितली, छडीसकट. तो ऐकून मोकळेपणाने हसला. "सर, मला त्यातलं काहीच आठवत नाही. आणि मी तसं बोललो असेन तर चूकच असणार. तेव्हा माझी तयारी कुठे असायची!" मग त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि ताटात जिलेबी वाढायला लावली. त्या घडी घातलेल्या कागदाचे काय, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. तो खरे बोलला, की समोरच्या ज्येष्ठाला अवघडू नये म्हणून बोलला, हे मला ठरवता आलेले नाही. ज्येष्ठाला बरे वाटेल ते कसे सांगावे, हेही आमच्याच संस्था शिकवतात.

शिवाय मी फार बदललो आहे असाही दावा नाही. गेल्या वर्षी एका मुलाने थोरातांची योजना मुळात पराभूत मनोवृत्तीची होती असे म्हटले, तेव्हा मी "आधी वाचून ये" म्हणून त्याला गप्प केले. वर्ग हसला. घरी येताना रिक्षात ते हसू मला ओळखीचे वाटले.

या सत्राच्या पेपरात दहा गुणांचा प्रश्न होता: 'थोरात योजनेची वैशिष्ट्ये लिहा.' सोबत आदर्श उत्तर आले आहे. पांढऱ्या कागदावर, पाच मुद्दे, प्रत्येकी दोन गुण. विट्याकडच्या एका मुलीने वैशिष्ट्ये सहा ओळींत उरकली आणि पुढची दोन पाने भलत्याच गोष्टीवर लिहिली. ऑगस्ट १९५९ मध्ये नेफाच्या सीमेवर लोंगजूला चिन्यांशी चकमक झाली, ऑक्टोबरात लडाखमधल्या कोंगका खिंडीत त्यांच्याकडून आपले पोलीस मारले गेले, लोकसभा पेटलेली. अशा वेळी तवांगच्या मागे उभे राहून लढू असे कोणत्या मंत्र्याने उठून सांगायचे होते, आणि सांगितले असते तर त्याला माघारीची घाई झाली आहे असे कोण म्हणाले नसते? बोमडिलाही १८ नोव्हेंबर १९६२ ला गेलेच, मग मागची जागा बरोबर होती हे कशावरून, असेही तिने शेवटी विचारले आहे. त्यावर द्यायला माझ्याकडे उत्तर आहे: थोरातांनी मागितलेले सैन्य आणि रस्ते त्या जागेला कधी मिळालेच नाहीत. पहिल्या प्रश्नावर नाही. इतकी वर्षे मी ही गोष्ट केवळ न ऐकणाऱ्या मंत्र्याची म्हणून सांगत आलो.

आदर्श उत्तराप्रमाणे तिला चार गुण होतात. गठ्ठा सोमवारी परत करायचा आहे. त्या चौकटीत मी पेन्सिलीने ४ लिहिले होते, ते खोडले, आणि तिथला कागद थोडा खरवडला गेला आहे.