डोकेदुखीची गोळी कुठे औषध असते का

गेल्या नवरात्रातली गोष्ट आहे पण अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतेय. मी फार्मासिस्ट, सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या एका मेडिकलमध्ये काउंटरवर असते. बाहेरच्या लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे चिठ्ठी वाचायची, फडताळातून पाकीट काढायचं, बिल करायचं. खरं काम म्हणजे समोरचा माणूस जे सांगत नाही ते काढून घ्यायचं, आणि डोकेदुखीवाला माणूस सगळ्यात कमी सांगतो. "डोक्याची गोळी द्या" एवढंच वाक्य. कुणाचं डोकं म्हणून विचारलं तर कळतं की गोळी घरी झोपलेल्या सासूला पाहिजे, तिला बीपी आहे, आणि डोकं आज सकाळी एकदम फुटल्यासारखं दुखायला लागलंय आणि बोलणं जरा अडखळतंय. असल्या माणसाला गोळी द्यायचीच नसते, गाडीत घालून दवाखान्यात पाठवायचं असतं.

आमच्या भागात उलटीबरोबर डोकं दुखलं की ते पित्त. ठरलेलंच. एका बाजूला ठणकतं, उजेड नको वाटतो, कुकरच्या शिट्टीनं जीव जातो, जिना चढलं की वाढतं, उलटी झाली की जरा मोकळं वाटतं. ही सगळी अर्धशिशीची लक्षणं आहेत, चार तासांपासून पार तीन दिवस चालते ती, पण बायका वर्षानुवर्षं पित्ताची गोळी खातात आणि डोक्याला ओढणी आवळून अंधाऱ्या खोलीत पडून राहतात. आणि नाक वाहिलं, कपाळ जड झालं की तेच दुखणं सायनस होतं. अर्धशिशीत नाक गळतं, डोळ्यातून पाणी येतं, हे लोकांना माहीत नसतं आणि काही डॉक्टरांच्याही घाईत ते निसटतं. 2004 साली अमेरिकेत सायनसची डोकेदुखी आहे असं समजणाऱ्या जवळजवळ 3000 लोकांना नीट प्रश्न विचारले गेले तेव्हा 88 टक्के लोक अर्धशिशीच्या लक्षणात बसले. खऱ्या सायनसला कधी ताप असतो, नाकातून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड असतो, वास येत नाही.

तर त्या नवरात्रात एक ताई आल्या त्या सायनसची चिठ्ठी घेऊन. चाळिशीच्या असतील, शिवणकाम करतात, नऊ दिवसांचा उपवास, तोही चहा आणि शेंगदाण्यावर. उपाशी राहणं, बाहेर ऑक्टोबरचं ऊन, रात्री जागून घागऱ्यांच्या ऑर्डरी पूर्ण करणं, अर्धशिशी चाळवायला यातलं एक पण पुरतं. चिठ्ठीवर क्लॅरिथ्रोमायसिन 500 हे अँटिबायोटिक, दिवसातून दोनदा, सात दिवस, सोबत एक सर्दीची गोळी आणि वाफ. मी पाकीट काढलं, बिल करायला घेतलं, तर ताई म्हणाल्या, "मॅडम, माझी ती डोक्याची गोळी पण द्या, दोन पाकिटं, स्टँडवरनं नेहमी घेते पण आज तिथलं दुकान बंद आहे." नाव विचारलं तर माहीत नाही. पर्समधून एक कापलेला तुकडा काढून दाखवला.

इथे जरा थांबून सांगते कारण हे बाहेर कुणाला कळत नाही. आम्ही पाकीट कापतो तेव्हा नाव आणि एक्स्पायरी ज्या टोकाला आहे ते टोक शेवटपर्यंत ठेवायचं असतं, म्हणजे उरलेल्या गोळ्या ओळखता येतात. गिऱ्हाइकाला जो तुकडा जातो त्यावर मग नशिबानं जे छापलेलं राहील ते. आणि जिथे दोन-दोन गोळ्या सुट्या विकायची सवय आहे तिथे गिऱ्हाईक वर्षभर एखादं औषध खातं आणि त्याला त्याचं नाव माहीत नसतं. ताईंच्या तुकड्यावर मागच्या बाजूला दोन ओळी अर्धवट उरल्या होत्या, वर "टार्ट्रेट" आणि खाली "कॅफीन". टार्ट्रेट हा औषधाच्या नावामागे लागणारा क्षाराचा शब्द, नुसत्या त्यावरून काहीही असू शकतं, मेटोप्रोलॉल हे बीपीचं औषधही टार्ट्रेट असतं, झोपेचं झोल्पिडेमही, पण त्यांच्या शेजारी कॅफीन कोण घालेल? डोकेदुखीच्या गोळीत टार्ट्रेट आणि कॅफीन शेजारी-शेजारी म्हणजे अर्गोटामीन. आपल्याकडे हे एकाच गोळीत मिळतं, अर्गोटामीन 1 मिग्रॅ, कॅफीन 100, पॅरासिटामॉल 250 आणि उलटी थांबवायला थोडं प्रोक्लोरपेराझिन. फडताळातून तसलं पूर्ण पाकीट काढून तुकडा त्यावर ठेवला, अक्षराला अक्षर जुळलं.

मी बिल थांबवलं.

अर्गोटामीन येतं राय नावाच्या धान्यावरच्या बुरशीतून. आमच्या माणदेशातल्या लोकांना बाजरीवरचा अरगट माहीत असतो, कणसातनं मधासारखा चिकट द्रव गळतो आणि मग काळे दाणे होतात, माझे वडील पेरायच्या आधी बी मिठाच्या पाण्यात टाकून तरंगलेलं काढून टाकायचे ते याच्यासाठीच. बाजरीवरची बुरशी वेगळी पण कूळ एकच. रायवरच्या बुरशीनं युरोपात जुन्या काळी गावंच्या गावं आजारी पडायची, हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळून बोटं काळी पडून झडायची. 1918 मध्ये त्यातून अर्गोटामीन वेगळं काढलं गेलं आणि तोच रक्तवाहिन्या आवळायचा गुण अर्धशिशीला वापरला गेला. औषध चांगलं आहे, ज्यांना लागू पडतं त्यांना पडतं, पण आठवड्याला 10 मिग्रॅच्या वर जायचं नाही अशी त्याची हद्द आहे. आणि ते शरीरातून बाहेर काढायचं काम यकृतातलं जे एन्झाइम करतं, त्यालाच क्लॅरिथ्रोमायसिन अडवून धरतं. मग नेहमीचीच गोळी खाल्ली तरी रक्तातलं प्रमाण वाढत जातं आणि बोटांचा रक्तपुरवठा तुटू शकतो. ही दोन औषधं एकत्र द्यायचीच नाहीत, दोन्हीच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं, ते इतक्या बारीक अक्षरात की कुणी उलगडतच नाही.

ताईंना विचारलं रोज किती घेता. "दोन, कधी तीन. सकाळी उठल्या उठल्या एक घेतली नाही तर सुई धरता येत नाही." म्हणजे आठवड्याला चौदाच्या वर. किती महिने? पाडव्यापासून. बोटं कशी आहेत विचारल्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, म्हणाल्या, "तुम्हाला कसं कळलं? मुंग्या येतात, गार पडतात. मला वाटलं शिवून शिवून झालं असेल." मी हात धरून बघितला. बाहेर एवढा उकाडा आणि बोटं गार.

डॉक्टरांनी काय काय चालू आहे विचारलं होतं का? तर हो, विचारलं होतं. ताई म्हणाल्या होत्या, काही नाही. त्यांच्या लेखी ते खरंच होतं. बीपीची गोळी म्हणजे औषध, शुगरची म्हणजे औषध, डोकेदुखीची गोळी म्हणजे चहासारखी, ती कुठे सांगायची. मी दवाखान्यात फोन लावला, रिसेप्शनवरच्या मुलीनं सर बिझी आहेत म्हणून ठेवला, परत लावला, तिसऱ्यांदा सर आले. आवाज चढलेला होता, मेडिकलवाल्यांनी ट्रीटमेंट बदलायची नाही असं म्हणाले. मी म्हणलं सर बदलत नाहीये, फक्त एवढंच सांगतेय की पेशंट पाडव्यापासून रोज अर्गोटामीन घेतेय आणि बोटं गार आहेत. दोन सेकंद शांत आणि मग, "लगेच पाठवा." चिडले तरी ऐकलं, त्याचं मला खरंच बरं वाटलं. सगळे ऐकत नाहीत.

डॉक्टरांनी मनगटाची आणि पायाची नाडी तपासली, पाय चालताना भरून येतात का विचारलं (येत होते), दोन्ही औषधं बंद केली आणि त्याच दिवशी साताऱ्याला फिजिशियनकडे पाठवलं. निदान झालं ते अर्धशिशी आणि तिच्यावर बसलेली गोळ्यांचीच डोकेदुखी. हे ऐकायला उलटं वाटतं, पण दुखणं थांबवायची गोळी जास्त झाली की तीच रोजचं दुखणं तयार करते. अर्गोटामीन, ट्रिप्टान (अर्धशिशीच्याच दुसऱ्या गोळ्या) किंवा मिश्र गोळ्या महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, साधं पॅरासिटामॉल पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं आणि महिन्यातले निम्मे दिवस डोकं दुखायला लागलं की हे ओळखायचं. उपाय गोळी थांबवणं, आणि थांबवल्यावर आधी आणखी वाईट दुखतं. ताईंचा पहिला आठवडा फार वाईट गेला. त्यांच्या नवऱ्याला मी रोज सांगत होते की आत्ता माघार घ्यायची नाही, स्टँडवर जायचं नाही. अर्धशिशी वारंवार येऊ नये म्हणून रात्री अमिट्रिप्टिलिन 10 मिग्रॅ सुरू झालं, वेळेवर जेवण, वेळेवर झोप, आणि डोकं कधी दुखलं, काय घेतलं ते लिहायची डायरी. बोटं हळूहळू गरम झाली. दुखणं संपलेलं नाही, महिन्यातून चार-पाच वेळा येतं, पण मधले दिवस मोकळे असतात आणि सुई धरता येते.

मला जे सुटत नाही ते वेगळंच आहे. त्या दिवशी स्टँडवरचं दुकान उघडं असतं तर? अँटिबायोटिक माझ्याकडून गेलं असतं, गोळी तिकडून, आणि दोन्ही दुकानांची बिलं बरोबर असती. ती गोळी चिठ्ठीशिवाय विकायची नाही असं पाकिटावरच छापलेलं असतं. 1948 चा फार्मसी कायदा म्हणतो की औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं, 2015 च्या नियमावलीत पेशंटला समजावून सांगणं हे आमचं काम म्हणून लिहिलंय, आणि कितीतरी दुकानांत फार्मासिस्टचं फक्त सर्टिफिकेट भिंतीवर असतं, माणूस दुसऱ्या गावात नोकरीला आणि काउंटरवर बारावीचा पोरगा. पोराची चूक नाही, त्याला कुणी शिकवलंच नाही. सर्टिफिकेट भाड्यानं देणाऱ्यांचा मात्र मला मनापासून राग आहे, ते माझ्याच कॉलेजातून शिकलेत, एन्झाइमचा धडा त्यांनीही वाचलाय.

आता मी डोकेदुखीवाल्या प्रत्येकाला विचारते, महिन्यात किती दिवस गोळी घेता? "औषध चालू आहे का" असं विचारत नाही, त्याचं उत्तर नाहीच येतं. पर्स उघडायला लावते, तुकडे काउंटरवर ठेवायला लावते. मागे गिऱ्हाइकं वैतागतात, मालकांनी एकदा म्हणूनही दाखवलं की तुमच्या चौकशीत लाइन लागते.

परवा त्या ताईंची नणंद आली होती. "वहिनीला ज्या गोळीनं लगेच थांबायचं ना, तिचं नाव लिहून द्या फक्त." मी खुर्ची दिली, म्हणलं बसा, आधी सांगा डोकं कुठे दुखतं, किती वेळ, उलटी होते का. बसल्या नाहीत. घाई आहे, नंतर येते म्हणाल्या आणि स्टँडच्या दिशेनं गेल्या. संध्याकाळी मी ताईंना फोन केला, नणंदेला डायरी दाखवा म्हणून.