लायसन्स नसलेल्या कोडला लायसन्स लावताना

आमचं टूल छोटंसं. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारे प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यांना नव्या प्रकल्पाचा सांगाडा उभा करून देतं, चाचण्या चालवतं, व्यवहारातला डेटा उलगडून दाखवतं. कोड पहिल्यापासून सगळ्यांसमोर होता, पण लायसन्सची फाइल नव्हती. म्हणजे कॉपीराइटच्या नियमाने तो वाचायला खुला आणि वापरायला, बदलायला, वाटायला बंद. ही फाइल घालायचं काम मी अंगावर घेतलं.

एमआयटी हे सैल लायसन्स घ्यायचं की बदललेला कोड वाटताना त्यालाही तेच लायसन्स लावायला लावणारं जीपीएल, यावर चॅटमध्ये लगेच खडाजंगी सुरू झाली. मी म्हटलं, आधी आत कुणाकुणाचं काय आहे ते तरी बघू.

डिपेन्डन्सींची, म्हणजे आम्ही वापरतो त्या दुसऱ्यांच्या कोडची, यादी एका स्क्रिप्टने काढून दिली. ईथर्स, हार्डहॅट, ओपनझेपेलिनची कॉन्ट्रॅक्ट्स, सगळं एमआयटी. वेब३.जेएस ही लायब्ररी मात्र एलजीपीएल ३, म्हणजे जीपीएलचं सौम्य भावंड. अशी लायब्ररी वेगळी राहिली तर आपल्या कोडला आपलं लायसन्स ठेवता येतं. आम्ही मात्र सगळं एकाच फाइलमध्ये बांधून देत होतो, आणि वापरणाऱ्याला त्या लायब्ररीची स्वतः बदललेली आवृत्ती बसवता आली पाहिजे ही एलजीपीएलची अट तिथे पाळणं किचकट होतं. त्यातली मोजकीच फंक्शनं लागत होती. ती ईथर्सवर नेली.

स्क्रिप्टला न दिसणारा भाग जास्त त्रासाचा. एका फाइलच्या डोक्यावर कॉमेंट होती की हा कोड गेथ या इथेरियमच्या सॉफ्टवेअरवरून जावास्क्रिप्टमध्ये आणला आहे. भाषा बदलली म्हणून मालकी बदलत नाही. गेथचा लायब्ररीचा भाग एलजीपीएल ३ खाली आहे आणि चालवायचे प्रोग्रॅम जीपीएल ३ खाली; हे दोन भाग वेगळे आहेत हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. ती फाइल काढली. चाचण्यांच्या फोल्डरमध्ये युनिस्वॅप व्ही३ या क्रिप्टो अदलाबदलीच्या प्रणालीचं एक कॉन्ट्रॅक्ट सापडलं. ते २०२१ मध्ये बिझनेस सोर्स लायसन्सखाली आलं होतं: कोड दिसतो, पण धंद्यासाठी वापरायला मुदतीपर्यंत मनाई. १ एप्रिल २०२३ ला ती मुदत संपून त्याला जीपीएल लागू झालं. तेही आम्हाला नको होतं, म्हणून चाचणीपुरतं स्वतःचं नकली कॉन्ट्रॅक्ट लिहिलं.

मग माणसं. ज्याने कोड दिला त्याचा कॉपीराइट त्याच्याकडेच असतो, त्यामुळे प्रत्येकाची लेखी संमती हवी. बहुतेकांनी लगेच 'हो' म्हटलं. एकाचा पत्ताच लागला नाही. त्याचा भाग, तो कधीही न वाचलेल्या सहकाऱ्याने फक्त चाचण्या समोर ठेवून नव्याने लिहिला. पुढच्यासाठी प्रत्येक कमिटवर, म्हणजे कोडच्या प्रत्येक नोंदवलेल्या बदलावर, 'हा कोड द्यायचा मला हक्क आहे' असं सांगणारी 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ सक्तीची केली, लिनक्स कर्नलमध्ये असते तशी. वेगळा करार सही करून मागणं आमच्या आकाराला जड झालं असतं.

खरा वाद एका कलमावर झाला. एका जुन्या सहकाऱ्याचा आग्रह होता की 'हे टूल फसवणुकीसाठी वापरू नये' असं लायसन्समध्येच लिहावं. क्रिप्टोत रोज काय चालतं ते बघता त्याची तळमळ मला पटत होती. पण मुक्त सॉफ्टवेअरचं पहिलंच स्वातंत्र्य, ज्याला शून्य क्रमांक दिलाय, ते कोणत्याही कारणासाठी प्रोग्रॅम चालवण्याचं. जेसन या डेटा लिहायच्या पद्धतीच्या लायसन्समध्ये 'वाईटासाठी वापरू नका' अशा अर्थाची ओळ आहे, तेवढ्यावरून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ते मुक्त मानत नाही. शिवाय लुटारू लायसन्स वाचून थांबणार आहे थोडाच! कलम वगळलं, सहकारी अजून नाराज आहे.

एवढं झाल्यावर निवड सोपी होती. बिटकॉइन २००९ पासून एमआयटीवर चाललंय, पण एमआयटी पेटंटबद्दल अवाक्षर काढत नाही. अपाचे २.० पेटंटची परवानगी स्पष्ट देतं, मात्र ते फक्त जीपीएल २ असलेल्या कोडशी जुळत नाही. म्हणून फाउंड्री या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या टूलसारखं 'एमआयटी किंवा अपाचे, तुम्हाला हवं ते' ठेवलं. दोन्हींत हमी नाकारणारा परिच्छेद आहे. वापरणाऱ्यांच्या खासगी कीजशी, म्हणजे त्यांच्या क्रिप्टोच्या गुप्त किल्ल्यांशी, संबंध येणाऱ्या टूलला तो हवाच, तरी प्रत्येक देशाच्या कायद्यात तो पुरता टिकेल असं मी धरून चालत नाही.

सांगाड्याच्या फाइली मात्र राहिल्या होत्या. त्या दुसऱ्याच्या प्रकल्पात जाऊन बसतात, तिथे आमचं नाव कायम वागवायची सक्ती कशाला? त्यांना श्रेयाचीही अट नसलेलं झिरो-बीएसडी लावलं. सॉलिडिटी या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या भाषेत ०.६.८ पासून फाइलचं लायसन्स ठरावीक खुणेने सांगणारी एसपीडीएक्स ओळ नसली की कंपायलर इशारा देतो. लिहिलेलं बरोबर आहे का ते मात्र तपासत नाही, जसंच्या तसं मेटाडेटात टाकतो. त्यामुळे ती ओळ आम्ही कोरी ठेवत नाही.

आता प्रत्येक फाइलचं लायसन्स नोंदलंय का ते तपासणारं रीयूज हे साधन बिल्डमध्ये बसवलंय. परवा त्याने लोगोच्या चित्रावरून बिल्ड अडवला, आणि 'चित्रालाही लायसन्स?' यावर चॅटमध्ये पुन्हा कुरकुर सुरू झाली.