तुम्ही विचारलंत म्हणून: मी त्या मंडळीत का जाते

"शिकलेली बाई, आजोबांपासून सीएनआयमधली (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), आणि रविवारी त्या आरडाओरड्याच्या पेंटेकोस्टल चर्चला कशी जाते?" मावसबहिणीपासून कॉलेजातल्या सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालं आहे. पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं: "हे अमेरिकेचं खूळ आपल्याकडे कशाला?"

आधी अमेरिकेचं सांगते. पेंटेकोस्टल चळवळ जिथून पसरली असं मानतात त्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर प्रवचनकार विल्यम सेमूर यांच्या सभा सुरू झाल्या एप्रिल 1906 मध्ये. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, केडगावला, जून 1905 च्या अखेरीस एका रात्री एक मुलगी प्रार्थना करत उठली. ती पेटली आहे असं वाटून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाचा आठवा अध्याय शिकवत होत्या, आणि मुली रडत, मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. तिथल्या अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स यांनी त्यावर लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या मैत्रिणीला पाठवली आणि 1909 मध्ये वालपाराइसोची मेथडिस्ट मंडळी ढवळून निघाली. म्हणजे केडगावहूनही काही बाहेर गेलं.

पूर्वी मी एवढं ठणकावून गप्प बसायचे. आता त्यावर थांबवत नाही, कारण केडगावच्या प्रार्थनांना जोर आला तो वेल्समधल्या संजीवनाच्या, म्हणजे तिथल्या मंडळ्यांत उसळलेल्या धर्मजागृतीच्या, बातमीने. आधी कोण, या भांडणात फारसा अर्थ नाही. आरडाओरड्याचं म्हणाल तर तेव्हाही परदेशी मिशनरी नाकं मुरडत होते. भारतीय माणसाला त्याच्या स्वभावाप्रमाणे भक्ती करू द्या, हे रमाबाईंनी त्यांना लिहून सुनावलं. माझंही उत्तर तेच आहे.

पण एक गोष्ट मात्र खरोखर अमेरिकेतून आली, आणि ती माझ्या आईला लागली.

एका उपवास-प्रार्थनेला आई माझ्याबरोबर आली होती. प्रवचनकार बाहेरगावचे होते. पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा ज्यांना मिळाला नाही त्यांनी पुढे या, म्हणाले. तो मिळाला की माणूस अन्य भाषा, म्हणजे न शिकलेली भाषा, बोलू लागतो अशी समजूत. आई गुडघे धरत पुढे गेली. चार-पाच जणांनी तिच्या डोक्यावर, खांद्यांवर हात ठेवले. "जीभ सैल सोडा, आई. विचार करू नका. हालेलुया भरभर म्हणा." आई आपली, "प्रभू येशू, दया कर," असं साध्या मराठीत म्हणत राहिली. बराच वेळ हे चाललं. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता आणि तो सावरायला तिला हात मोकळा नव्हता. शेवटी प्रवचनकार माइकवर म्हणाले, "कुठलं तरी लपवलेलं पाप आडवं येतंय."

मी तिला ओढून बाहेर आणलं. रिक्षात ती गप्प होती. रात्री स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तुझ्या आत्याशी मी बोलणं टाकलं होतं, तेच असेल का गं?" मी नाही म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा, "मग तुझे बाबा आजारी असताना मी एकदा चिडले होते, ते?" लहानपणी जिने मला गुडघ्यांवर बसून प्रार्थना करायला शिकवलं, ती बाई आपल्या आयुष्यातली पापं चाचपत होती, कारण तिच्या तोंडून अन्य भाषा निघाली नाही.

हा दंडक कॅन्ससमधल्या टोपेकाचा, 1901 सालचा. तिथले प्रवचनकार चार्ल्स परहॅम यांची शिकवण अशी की अन्य भाषा हाच आत्मा उतरल्याचा पुरावा, आणि त्या भाषा खऱ्याखुऱ्या, परदेशात सुवार्ता सांगायला दिलेल्या. त्या भरवशावर आल्फ्रेड गार हे अमेरिकन मिशनरी 1907 च्या सुमारास कोलकात्याला आले. आपल्याला बंगाली मिळाली आहे असं त्यांना वाटत होतं. ती बंगाली नव्हती. भाषांचा तो उपयोग गेला, परीक्षा तेवढी उरली. ज्या सेमूर यांना काळे म्हणून परहॅम यांच्या ह्यूस्टनच्या वर्गात दाराबाहेर बसून ऐकावं लागलं, त्यांनीच पुढे शिकवलं की प्रीती नसेल तर भाषा हा पुरावा नव्हे. रमाबाईंनीही भाषेचं दान मानलं, पण ते सगळ्यांना हवंच असा हट्ट धरला नाही. पौलाने तर करिंथकरांना सरळ विचारलं होतं, सगळेच भाषा बोलतात का?

मला स्वतःला तो अनुभव आहे. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, तो माझा आणि देवाचा आहे. आईला नाही, आणि ती माझ्यापेक्षा देवाच्या जवळ आहे याबद्दल मला शंका नाही.

मग जातेस कशाला, असं आईही विचारते. ती जुन्या चर्चला परत गेली. मी जाते ते चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायकांसाठी. आमच्याकडे त्या उभ्या राहून साक्ष देतात, आजाऱ्यावर हात ठेवतात आणि पाळकही डोकं झुकवतात. जुन्या चर्चमध्ये बायकांना वेदीजवळ बोलायला महिला मंडळाचा रविवार यावा लागायचा. मुक्तीतल्या दुष्काळातून आलेल्या मुली टोळ्या करून खेडोपाडी सुवार्ता सांगायला गेल्या, त्याचं काही शिल्लक मला कुठे दिसत असेल तर इथे दिसतं. हे आईला पटत नाही. तिचा पदर आठवला की मलाही पुरतं पटत नाही.

सध्या आमच्याकडे वडीलजन, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे, निवडायचे आहेत आणि अर्जात "अन्य भाषेचं दान आहे का?" असा रकाना आहे. तो काढा असं मी पत्र दिलं आहे. पाळकसाहेब म्हणाले, ताई, हा तर आपला पाया आहे. मी म्हटलं, पाया ख्रिस्त आहे. निर्णय झालेला नाही, आणि रकाना राहिला तर मी काय करीन हे मी ठरवलेलं नाही.