फाइल लवकर मंजूर झाली, म्हणून मुलगी मागे राहिली

नाशिकला कॉलेज रोडवर माझं छोटंसं ऑफिस आहे. परदेशी स्थायिक व्हायला निघालेल्यांची कागदपत्रं तयार करून देणं हे माझं काम. मी वकील नाही. कायद्याचा पेच आला की अमेरिकेतल्या वकिलांकडून खात्री करून घेते. पण जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नाही, लग्नाची नोंदणीच केलेली नाही, शाळेच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, हे सगळं निस्तरता निस्तरता केस पांढरे झाले. महापालिकेत खेपा माराव्या लागतात, पण ते दुरुस्त होतं. ज्या दिवसाबद्दल लिहितेय, त्या दिवशी समोर बसलेल्या कुटुंबाचा एकही कागद चुकलेला नव्हता.

काका सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. सोबत काकू, मुलगी आणि मुलगा. काकांची बहीण लग्न होऊन न्यू जर्सीला गेली, तिथली नागरिक झाली आणि मार्च 2006 मध्ये तिने भावासाठी अर्ज टाकला. नागरिकाच्या भावंडांची ही रांग, आमच्या भाषेत एफ-4. तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती, मुलगा दोनाचाही नव्हता. अर्ज नोव्हेंबर 2009 मध्ये मंजूर झाला. मंजूर म्हणजे व्हिसा हातात नव्हे, नुसती रांगेतली जागा पक्की. प्रत्यक्ष नंबर लागला तो जानेवारी 2025 मध्ये.

मंजुरीचं पत्र काकांनी लॅमिनेट करून ठेवलं होतं. प्लास्टिकच्या कडा पिवळ्या पडलेल्या, आत घडीची खूण तशीच. त्यावर दोन तारखा होत्या, अर्ज पोचल्याची आणि मंजुरीची. मी पॅड ओढलं आणि वजाबाकी मांडायला घेतली.

“हे काय मांडताय, मॅडम?”

“मुलीचं वय, काका.”

“फेब्रुवारीत पंचवीस पूर्ण होतील. त्यात मांडायचं काय?”

मांडायचं असतं. आईवडिलांबरोबर जायला मूल अविवाहित आणि 21 वर्षांच्या आतलं लागतं. रांगेत उभ्या उभ्याच मुलं मोठी होतात, म्हणून अमेरिकेने 2002 मध्ये कायदा करून थोडी सवलत दिली. नंबर लागला त्या दिवशीच्या वयातून अर्ज मंजुरीसाठी कचेरीत पडून होता तेवढा काळ वजा करायचा. मंजुरीनंतर रांगेत गेलेली वर्षं मात्र वजा होत नाहीत. मुलाचा प्रश्न नव्हता, तो तसाही 21 च्या आतच. मुलीचं वय 24 वर्षं साडेदहा महिने, त्यातून 3 वर्षं आठ महिने गेले. उरले 21 वर्षं आणि अडीच महिने.

मी पुन्हा मांडून पाहिलं. संध्याकाळी, तिकडे सकाळ झाल्यावर, वकिलांना फोन लावला. त्यांचंही उत्तर तेच.

मुलगी फार्मसी झालेली, अंबडला एका कंपनीत क्वालिटी विभागात नोकरीला. सगळ्यांच्या आधी तिच्या लक्षात आलं. “म्हणजे आमची फाइल आणखी तीन महिने धूळ खात पडली असती, तर मी गेले असते?”

“हो.”

काकूंनी विचारलं, “आम्ही तिथे गेल्यावर हिला बोलावता येईल ना?” येतं. ग्रीन कार्ड मिळाल्यावर आईवडील मोठ्या अविवाहित मुलीसाठी नवा अर्ज टाकू शकतात. पण ती रांग वेगळी आणि तीही अनेक वर्षांची. 2006 ची जुनी तारीख तिला मिळत नाही. भावंडांच्या अर्जातल्या अशा मुलांना जुनी तारीख न देण्याची सरकारची भूमिका तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ग्राह्य धरली आहे. शिवाय आईवडील नागरिक होण्याआधी तिने लग्न केलं, तर तो अर्ज तिथेच रद्द. हे सांगताना माझी जीभ जड झाली, कारण आदल्याच आठवड्यात सिन्नरचं एक स्थळ तिला पाहून गेलं होतं.

अमेरिकेच्या इमिग्रेशन सुधारणेबद्दल बोलायला लागलं की भिंत, सीमा आणि एच-1बी, एवढंच ऐकू येतं. माझं म्हणणं त्याहून खूप छोटं आहे. अर्ज ज्या दिवशी दाखल झाला, त्या दिवशीचं मुलाचं वय कायम धरा. यासाठी नवं काही शोधून काढायला नको. त्याच 2002 च्या कायद्यात अमेरिकी नागरिकाच्या स्वतःच्या मुलाचं वय अर्जाच्या दिवशीच गोठवतात. नागरिकाच्या मुलाला जो न्याय, तोच नागरिकाच्या भाचीला का नको? 2021 मध्ये अमेरिकाज चिल्ड्रन ॲक्ट नावाच्या विधेयकात अर्जाच्या दिवशीचं वय धरण्याची तरतूद होती. ते विधेयक पुढे सरकलंच नाही.

रांग एवढी लांबते ती 1990 च्या कायद्यातल्या आकड्यांमुळे. भावंडांसाठी वर्षाला 65 हजार व्हिसा आणि कुठल्याही एका देशाला साधारण 7 टक्क्यांहून जास्त नाही, मग तो देश भारताएवढा असो की आइसलँडएवढा. म्हणजे भारताच्या वाट्याला ढोबळमानाने साडेचार हजार. त्यातही बायको आणि मुलं धरून मोजतात, त्यामुळे चौघांचं कुटुंब गेलं की चार व्हिसा संपले. 2013 मध्ये तिथल्या सिनेटने मंजूर केलेल्या विधेयकात भावंडांची ही रांगच बंद करायची होती. तेही पुढे बारगळलं. किती जणांना घ्यायचं हा त्या त्या देशाचा अधिकार आहे, आणि उद्या रांग बंद केली तरी मी ते समजून घेईन. पण अर्ज घ्यायचा, फी घ्यायची, मंजूर म्हणून पत्र द्यायचं, आणि मग तुमच्याच रांगेत गेलेली वर्षं लेकराच्या माथी मारायची, हा अन्याय आहे. याचा मला राग येतो आणि तो येतच राहील.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आम्ही नाही जात. सगळे जाऊ, नाहीतर कुणीच नाही.” पण मुख्य अर्जदार तेच. ते गेले नाहीत तर मुलाचाही हक्क जातो. मुलीनेच विषय मिटवला. “बाबा, तुम्ही दादूला घेऊन जा. फक्त माझ्यासाठी नवा अर्ज टाकू नका. त्या रांगेसाठी मी बिनलग्नाची थांबणार नाही.”

शेवटी ठरलं ते असं: काका आणि मुलगा मुंबईला मुलाखतीला जातील. काकू मुलीचं लग्न होईपर्यंत नाशिकलाच राहतील आणि नंतर काकांच्या मागून जातील. पत्नीला असं मागाहून जाता येतं. त्याच बैठकीत मी दोघांचे डीएस-260, म्हणजे व्हिसाच्या अर्जाचे फॉर्म, भरायला घेतले.

फॉर्म भरून झाल्यावर मी काकांना म्हटलं, तुमच्या बहिणीला तिथे मत आहे, तिच्या भागातल्या खासदाराला तिने पत्र लिहायला हवं. काकांनी तिथूनच तिला व्हिडिओ कॉल लावला. तिने भाचीला समोर बसवून सगळं पुन्हा विचारून घेतलं. तारखा आणि वजाबाकी मी मांडून दिली. खालची मागणी मुलीने स्वतः टाइप केली: अर्जाच्या दिवशी मी सहा वर्षांची होते, तेच वय धरा. त्या रात्रीच आत्याने ते पत्र पाठवलं.