तुम्ही विचारलंत म्हणून: ऐकू येत नाही, मग एवढा सेट कशाला?

"धड ऐकू येत नाही, मग गाणी ऐकायला लाखाचा सेट कशाला?" रत्नागिरीत हा प्रश्न मला बँकेच्या रांगेत, बारशाला, एकदा तर श्राद्धाच्या पंगतीतही विचारून झालाय. आजवर हसून टाळलं. आता लिहूनच टाकतो.

माझे कान गेलेले नाहीत, त्यांचा वरचा भाग गेलाय. आतल्या कानात बारीक केसांच्या पेशी असतात. उंच पट्टीतले आवाज टिपणाऱ्या पेशी वयाबरोबर आधी झडतात. तरुण कान 20 हजार हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांपर्यंत ऐकतो. माझ्या श्रवणचाचणीचा आलेख तीन हजारांपुढे आंबा घाटासारखा खाली उतरतो. 'स', 'श' यांचा फुसफुसता आवाज त्या पट्ट्यातला. म्हणून लग्नाच्या हॉलमध्ये तुम्ही 'सात वाजता' म्हणता आणि मी आठला पोचतो.

गाणं मात्र बरंच खाली असतं. पियानोची शेवटची पट्टीसुद्धा 4,186 हर्ट्झची. गायिकेचा तार पंचम हजाराच्या आतच. तंबोऱ्याचा खर्ज, डग्ग्याची घुमार, मींड हे सगळं मला मिळतं. स्वरमंडळाची झणक गेली, तबल्याच्या चाटेची धार गेली. कबूल.

"मग साधा स्पीकर चालेल की!" नाही चालत. म्हाताऱ्या कानाची आणखी एक खोड असते: बारीक आवाज ऐकूच येत नाही, आणि जरा वाढवला की एकदम अंगावर येतो. मधली जागा चिंचोळी. तिथे फाटका आवाज तुम्हाला खपतो, मला खुपतो. 'ट्रेबल (वरच्या पट्टीतला आवाज) वाढवा' म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. श्रवणयंत्र आहे, बोलण्यासाठी उत्तम आहे. पण तंबोऱ्याचा लांबलेला सूर त्याला स्वतःचीच शिट्टी वाटते, ते ती दाबायला जातं आणि सूर थरथरायला लागतो. संगीतासाठी वेगळं सेटिंग करून घेतलंय, तरी ऐकताना काढूनच ठेवतो.

हे सगळं खरं आहे, आणि मी ते पाठ केल्यासारखं म्हणतो. पण शिमग्यातली गोष्ट सांगितली नाही तर ते अर्धंच.

पालखीसाठी माईक-स्पीकर लावणारा आमच्या वाडीतला पोरगा जादा वायर मागायला आला होता. रेकॉर्ड चालू होती. चपला काढून आत आला, थबकला, आणि डाव्या स्पीकरसमोर उकिडवा बसून त्याने कान लावला.

"काका, ह्यातला वरचा बोलत नाय."

"वाजतोय की."

त्याने ट्वीटरवर, म्हणजे उंच पट्टीतल्या आवाजाच्या त्या वरच्या छोट्या स्पीकरवर, तळहात धरला, काढला, पुन्हा धरला. माझ्याकडे बघत होता. मला काहीच बदललेलं कळलं नाही.

मागचे स्क्रू काढले तर ट्वीटरच्या जोडावर हिरवा गंज. मांडवीचा खारा वारा, दुसरं काय. त्याने पॉलिश पेपरने घासलं, डाख दिला, पुन्हा तीच बाजू लावली. त्याचा चेहरा उजळला.

"आता?"

मी म्हणालो, "वा! आता कसं!"

मला ढिम्म फरक पडला नव्हता. तो खूश होऊन वायर घेऊन गेला. ट्वीटर कधीपासून मुका होता, देव जाणे. दिवाळीत मित्रांना बसवून नव्या कार्ट्रिजचे (रेकॉर्डवर टेकणारी सुई असते तो भाग) 'बारकावे' समजावले होते. त्यांच्यापैकी कुणीच काही बोललं नाही. ते कानाने माझ्यासारखेच होते की सभ्य होते, हे विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

चाळिशीत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून मीच ऐटीत म्हणायचो, साठीनंतर माणसाने ट्रान्झिस्टर घ्यावा. तो चाळिशीतला मी आज समोर आला तर विचारेल, तू ऐकतोस की आठवतोस? रेकॉर्डी जुन्याच आहेत, जागा न् जागा माहीत आहे. कानाने सोडलेलं डोकं भरून काढत असेल. मग डोक्याने स्वस्त स्पीकरवरही भरावं की! त्याला मी सांगेन, डावा ट्वीटर मेलेला असतानाही रात्री दीडपर्यंत उठवत नव्हतं. तो म्हणेल, तेच तर म्हणतोय. यापुढे आमचं भांडण सरकत नाही.

हिचं मत, सेट विका आणि कौलं बदला. विकणार नाही. पावसाआधी उजव्या स्पीकरचे जोडही साफ करून घ्यायचेत. त्यासाठी त्याच पोराला बोलवावं लागेल, आणि काम झालं की तो पुन्हा विचारणार.