दहा मिनिटांच्या रिकाम्या वर्गासाठी

मुलीच्या शाळेने आमच्यासाठी काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. क्लास टीचर मॅडमनी मनापासून केलं, काउन्सेलरनेही केलं. पण ती शाळेत बोलत नाही, त्यावरचा उपाय म्हणून शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आजीने नातीबरोबर दहा मिनिटं खेळावं, एवढ्या एका परवानगीसाठी ऑफिसने आम्हाला दिवाळीच्या आधीपासून संक्रांतीपर्यंत ताटकळत ठेवलं. तो राग अजून गेलेला नाही. इंदूरमध्ये आणखी कुणी याच फेऱ्यात असेल, तर निदान त्यांचा वेळ वाचावा म्हणून लिहिते आहे.

लेक दुसरीत आहे. घरी तोंडाला क्षणाची उसंत नाही. आजीशी मराठी, खालच्या मजल्यावरच्या मुलांशी हिंदी. शाळेच्या फाटकातून आत गेली की एक शब्द नाही. मॅडमशी नाही, मैत्रिणीशी नाही. पहिलीत सगळे म्हणाले, लाजाळू आहे, होईल मोकळी. नातेवाईक म्हणाले, घरात मराठी बोलता म्हणून होतंय, हिंदी बोलत चला. दुसरीत एका बदली शिक्षिकेने हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणेपर्यंत तिला उभं ठेवलं. त्या दिवशी ती ओल्या कपड्यांनी घरी आली, कारण बाथरूमला जायचंय हेही तिला सांगता येत नव्हतं.

म्हणून सगळ्यात आधी हे करा. मूल शाळेत बोलत नसेल तर बाकीच्या उपायांची वाट न बघता एक रंगीत कार्ड दप्तरात द्या आणि मॅडमना सांगा की हे कार्ड बाकावर ठेवलं की तिला जाऊ द्यायचं. हजेरीला हात वर केला तरी चालेल, हेही तेव्हाच ठरवून घ्या. आमच्या मॅडमनी दोन्ही गोष्टी एका फोनवर मान्य केल्या.

कान तपासले, ते उत्तम निघाले. मग बालमानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं की हा सिलेक्टिव्ह म्यूटिझम आहे. हट्ट नाही, उद्धटपणा नाही, ही भीती आहे. मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी जे डीएसएम-५ नावाचं पुस्तक वापरतात, त्यात २०१३ पासून तो चिंताविकारांमध्ये धरला जातो. मुलाला भाषा येत असते, बोलावंसंही वाटत असतं, पण त्या ठिकाणी आवाज फुटत नाही. महिन्याभरापेक्षा जास्त टिकलं तरच निदान करतात आणि शाळेचा अगदी पहिला महिना त्यात मोजत नाहीत, म्हणून नुकतंच शाळेत घातलेलं मूल गप्प राहिलं तर लगेच घाबरून जाऊ नका. घरातली मराठी बंद करू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. कितीतरी दिवस त्या स्वतःलाच दोष देत होत्या.

उपाय ऐकायला सोपा होता. मूल ज्या माणसाशी सर्वांत मोकळेपणाने बोलतं, त्याने शाळेतल्याच एका रिकाम्या खोलीत त्याच्याशी खेळायचं, दार बंद करून. मूल नेहमीसारखं बोलायला लागलं की दार थोडं उघडं ठेवायचं. पुढच्या वेळी मॅडम दाराबाहेर, मग खोलीत पण लांब, वही तपासत, तिच्याकडे न बघता. मग हळूहळू जवळ, मग खेळात. शेवटी घरचं माणूस बाजूला होतं. तासभर एकदाच बसण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं जास्त उपयोगी. पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही. लागते फक्त शाळेतली एक खोली.

आणि तिथेच सगळं अडलं.

मी अर्ज दिला. काउंटरवर उत्तर मिळालं, “पालक गेट के अंदर सिर्फ पीटीएम में आ सकते हैं।” मी म्हटलं, ही पीटीएम, म्हणजे पालक-शिक्षक सभा नाही, डॉक्टरांनी सांगितलेला उपचार आहे. मग अर्ज प्रिन्सिपल मॅडमकडे जाईल, असं कळलं. तिथून तो मॅनेजमेंटकडे गेला. मॅनेजमेंटचे सर कधी बसतात, हे ऑफिसमध्ये कुणीच नीट सांगत नव्हतं. दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीनंतर विचारलं तर अर्ज सापडत नाही, पुन्हा द्या.

पुन्हा दिला. आता अडचण आजीची. मुलांना नेण्यासाठी जे कार्ड असतं त्यावर फक्त आई-वडिलांचे फोटो, आजीचा नाही, म्हणून आजी बाहेरची व्यक्ती. आईने यावं, असं सुचवण्यात आलं. मी नोकरी करते, नवऱ्याची पिथमपूरला पाळी असते. पण वेळ हा मुद्दाच नव्हता. लेक सर्वांत मोकळं बोलते ती आजीशी, म्हणून आजीच हवी. हे मी प्रत्येक खिडकीवर नव्याने समजावत होते. ऐकणारा माणूस दर वेळी वेगळा असायचा.

मग डॉक्टरांचं पत्र मागितलं. दिलं. त्यावर शिक्का नाही म्हणून परत आलं. शिक्का मारून आणला, तर उत्तर मिळालं की उपचार दवाखान्यात करावा, शाळा ही त्याची जागा नाही. त्या दिवशी मी ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर बसून रडले. दवाखान्यात ती दुसऱ्या भेटीतच डॉक्टरांशी बोलायला लागली होती! तिचा आवाज बंद होतो तो शाळेत, मग तो उघडायचा कुठे? हे एका वाक्यात कळण्यासारखं आहे आणि तरी ते कागदावर उतरेपर्यंत कुणाला दिसत नव्हतं.

सुरक्षेचा नियम मला मान्य आहे. २०१७ मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत लहान मुलाची हत्या झाली, त्यानंतर सीबीएसईने शाळांना कॅमेरे, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि बाहेरच्यांच्या ये-जा करण्यावर नियंत्रण असं सगळं बजावलं. माझीच मुलगी आत असते, कुणीही उठून आत जावं असं मलाही नको आहे. पण येणाऱ्यावर नियंत्रण ठेवणं म्हणजे येणाऱ्याची नोंद करणं, ओळख तपासणं, जागा ठरवून देणं. आमच्या बाबतीत नुसतं दार बंद केलं गेलं आणि त्याला नियम म्हटलं गेलं.

काउन्सेलर या सगळ्यात आमच्या बाजूने होती, पण तिचा बहुतेक वेळ दहावी-बारावीच्या मुलांकडे जातो. परीक्षेचा ताण, विषय निवडणं, तीच रांग मोठी. शाळा काउन्सेलर नेमतात त्या मोठ्या वर्गांचा हिशेब धरून. दुसरीच्या मुलीसाठी ती स्वतःचा डबा खायची वेळ द्यायची. प्राथमिकच्या मुलांसाठी वेगळं माणूस असायला हवं, हे मी पालक सभेत बोलले आहे आणि पुढेही बोलत राहणार आहे.

गाठ सुटली ती क्लास टीचर मॅडममुळे. त्यांनीच सुचवलं की वर्गाचा आग्रह सोडा, रिसेप्शनला लागून संगीताची खोली आहे, बाहेर कॅमेरा आहे, तीच मागा. मी नवीन अर्ज लिहिला आणि या वेळी त्यात काहीच मोघम ठेवलं नाही. कोणती खोली, कोणते वार, शाळा सुटल्यावर किती मिनिटं, कोण येणार, आजीच्या आधारची प्रत, गेटच्या रजिस्टरमध्ये सही, सोबत कोणती शिक्षिका. डॉक्टरांकडूनही नवं पत्र घेतलं. त्यात नुसतं आजाराचं नाव नव्हतं, ‘शाळेच्या इमारतीतच, आजीसोबत’ असे शब्द होते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ मध्ये मुलाच्या प्रगतीबद्दल पालकांशी नियमित भेटी घेणं हे शिक्षकाचं काम म्हणून लिहिलं आहे, तेही अर्जात घातलं. शेवटी विनंती केली की नकार असेल तर कारणासह लेखी द्यावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय मी काउंटर सोडला नाही. त्याच आठवड्यात सही झाली. म्हणजे सही करायला अडचण कधीच नव्हती.

संक्रांतीनंतर आजी सापशिडी घेऊन जायला लागल्या. दार बंद, मग अर्धं उघडं, मग मॅडम कोपऱ्यात वह्यांचा गठ्ठा घेऊन. एका दुपारी फासा पडला आणि लेक ओरडली, “सहा!” मॅडमना मराठी येत नाही, पण त्यांनी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. त्यांनी मान वर केली नाही, शाबासकी दिली नाही, वही तपासत राहिल्या. हेच करायचं असतं. पहिल्या शब्दाचा गाजावाजा केला की मूल पुन्हा मिटतं. घरी येऊन सासूबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. आता मॅडमशी ती हळू आवाजात उत्तरं देते, दोन मैत्रिणींशीही बोलते. अख्ख्या वर्गासमोर अजून नाही.

आठवतं तसं आणखी थोडं. ‘पाणी हवं का?’ विचारलं तर मान हलवून काम भागतं, त्याऐवजी ‘पाणी की दूध?’ विचारा आणि पाच सेकंद थांबा, उत्तर तुम्हीच देऊ नका. पाहुण्यांसमोर ‘थँक्यू म्हण, नाव सांग’ हे बंद करा. वाचनाच्या तोंडी परीक्षेसाठी घरी केलेलं रेकॉर्डिंग चालेल का, हे आधीच विचारा, आमच्याकडे चाललं. बोलत नाही म्हणून कुणी उभं करत असेल तर शिक्षण हक्क कायद्याचंच कलम १७ दाखवा, त्यात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे आणि खासगी शाळाही त्यातून सुटत नाहीत. कुणाकडे जावं हेच कळत नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फोनला पैसे पडत नाहीत.

एप्रिलमध्ये ती तिसरीत जाईल आणि मॅडम बदलतील. नव्या शिक्षिकेची ओळख याच खोलीत, जुन्या मॅडम आणि आजी असतानाच व्हायला हवी, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. त्याचा अर्ज मी मार्चच्या पहिल्या आठवड्यातच दिला आहे. प्रतीवर आवक क्रमांक आहे.