मामांनी ऐकलेला आवाज

गुरुवार, रात्री सव्वाअकरा

मास्टर्सच्या अर्जातल्या एसओपीचं (हेच का शिकायचंय, ते सांगणाऱ्या निबंधाचं) पहिलं वाक्य आज सहाव्यांदा खोडलं. 'लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण आहे.' साफ खोटं. लहानपणी आकर्षण होतं ते सारसबागेबाहेरच्या भेळेचं.

भोसरीतल्या कारखान्यात नोकरीला लागून दोन वर्षं होत आली. फायनल इयरला सगळे सांगायचे, आधी थोडा अनुभव घे, मग मास्टर्सचं बघ. कसला अनुभव, ते कुणी सांगितलं नाही. पहिले आठ महिने मी एक्सेलमध्ये रिजेक्शनचे आकडे भरले. सर्टिफिकेटवर तोही अनुभवच.

मार्चमध्ये एका हाऊसिंगचा (धातूच्या कवचासारख्या पार्टचा) बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, बिघडायला लागला. आत नुसत्या लाटा, नख फिरवलं तर खरखर लागायची. मशीन असं किंचाळायचं की कॅन्टीनमध्ये ऐकू यावं. मी शहाणपणा करून आरपीएम कमी करायला लावला. आवाज वाढला. मशीनवर मामा होते (सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणतो). ते डोळे मिटून दोन जॉब (पार्ट) होईपर्यंत ऐकत राहिले, मग म्हणाले, "मॅडम, खाली नका नेऊ, जरा वर नेऊन बघू." स्पिंडल ओव्हरराइड, म्हणजे फिरण्याचा वेग कमीजास्त करायचं बटण, शंभर टक्क्यांवरून एकशेदहावर. किंचाळणं थांबलं.

"असं कसं हो, मामा?"

"ते तुम्ही शिकलाय ना?" टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते.

मला येत नव्हतं. व्हायब्रेशन्सच्या पेपरात चांगले मार्क होते, तरी येत नव्हतं.

त्या रात्री वाचत बसले. टूल मागच्या फेऱ्यात पृष्ठभागावर जी लाट सोडतं, तिच्यावरूनच पुढच्या फेऱ्यात जातं. जुनी आणि नवी लाट जुळली तर चिपची (कापून निघणाऱ्या धातूच्या सालीची) जाडी सारखी राहते. नाही जुळली तर ती कमीजास्त होते आणि थरथर स्वतःलाच पोसत राहते. वेग बदलला की जुळणी बदलते, म्हणून कधी कधी वेग वाढवूनही चॅटर, म्हणजे ही थरथर, जातो. टोबियास आणि ट्लुस्टी या संशोधकांनी १९५० च्या दशकातच हे मांडायला घेतलं होतं. मामांनी त्यांचं नावही ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोअरिंग बार (ज्या दांड्याच्या टोकाला टूल असतं तो) किती बाहेर काढलाय ते मोजलं. स्टीलचा बोअरिंग बार व्यासाच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढू नये असा ढोबळ नियम आहे. आमचा साडेपाचपट होता. मग मॅनेजरांची परवानगी काढून शनिवारी मशीन बंद असताना बारवर छोट्या हातोडीने टकटक केली, आवाज फोनवर रेकॉर्ड केला, घरी लॅपटॉपवर त्याची फ्रीक्वेन्सी काढली. चॅटरच्या रेकॉर्डिंगचीही काढली. आलेखात दोन्ही शिखरं जवळजवळ एकाच जागी. मी खुर्चीतून उठून आईला दाखवायला गेले. ती म्हणाली, "पोरी, लोक गाणी ऐकतात."

शिफारसपत्रासाठी कॉलेजात गेले तर सरांनी विचारलं, "तुझा प्रोजेक्ट कुठला होता गं?" चूक त्यांची नाही. पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून सेन्सर आणून चौघांनी शेवटच्या पंधरवड्यात उरकलेला प्रोजेक्ट मलाच धड आठवत नव्हता. एक पत्र आता मॅनेजरांकडून घेणार आहे. फ्रीक्वेन्सीचे आलेख अर्जात वापरायला ते हो म्हणालेत. ड्रॉइंग आणि ग्राहकाचं नाव मात्र अर्जात येता कामा नये.

गेट परीक्षेचा स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यातलं एक संपलं. बरोबरीच्या दोघी केव्हाच परदेशी गेल्या. रात्री कधी कधी वाटतं, मागे राहिले. पण फायनल इयरला कुणी 'कशावर काम करायचंय' विचारलं असतं तर मी 'थर्मल' म्हणून मोकळी झाले असते, कारण सगळे तेच म्हणायचे.

सातव्यांदा लिहिलं: 'मी वेग कमी करायला सांगितला आणि आवाज वाढला.' हे राहू दे.

उद्या फर्स्ट शिफ्ट. मामांबद्दल लिहिलं तर चालेल का, ते त्यांना विचारायचंय. आणि पर्चेस डिपार्टमेंटच्या मागे लागायचंय. स्टीलपेक्षा ताठ अशा कार्बाइडच्या बारची मागणी महिनाभर त्यांच्याकडे पडून आहे.